खोटा तपकिरी

प्रति,
डॉ. आउलो रोसेरो, विभागप्रमुख.
विषय: रंगवलेल्या स्लाइड्समधला दोष.
सोळा फेब्रुवारीपासून आपल्या प्रयोगशाळेत कॅस्पेज-३ साठी रंगवलेल्या सर्व स्लाइड्समध्ये जठराच्या ग्रंथींत दिसणारा तपकिरी रंग खोटा आहे. ही बाब माझ्या लक्षात आली ती तारीख

इथे पेन अडतं.

खरी तारीख लिहायची तर तीही सोळा फेब्रुवारीच. सोमवार, सकाळचे अकरा, पहिलाच ट्रे. आज सव्वीस मार्च. मधले अडतीस दिवस मी गप्प बसले. उद्या संध्याकाळी पाचच्या आत डॉक्टर रोसेरोंच्या तीस वर्षांच्या कामाचा गोषवारा काली शहरातल्या परिषदेकडे जाईल. तो चुकीचा आहे आणि ते आमच्या प्रयोगशाळेत फक्त मला ठाऊक आहे.

कागद चुरगाळला. दुसरा घेतला.

*

मी देयानिरा बोतिना. पास्तोच्या या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं पोटं कापते. म्हणजे पोटाचे तुकडे. दुर्बीण घालून काढलेला डाळीच्या दाण्याएवढा तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ब्लॉक गार करायचा आणि पात्यावर त्याचे इतके पातळ काप काढायचे की एका मिलिमीटरचे अडीचशे व्हावेत. जवळ कोणी खोकलं तरी काप फाटतो. माझा फाटत नाही.

आमच्या डोंगरात पोटाचा कॅन्सर घरटी आहे. खाली समुद्रकाठी तो घडवणारा तोच जंतू पोटात बाळगून माणसं नातवंडांची लग्नं बघतात. वर तुकेरेसला, सापुयेसला, ग्वाइतारियाला पन्नाशीच्या आत पोट धरून बसतात. असं का, एवढाच प्रश्न डॉक्टर रोसेरोंनी आयुष्यभर विचारला. त्यांचं बोट पेशीच्या मरणाकडे होतं.

"पोटातली पेशी चार दिवसांची पाहुणी, देया," ते मला सांगायचे. "वेळ झाली की तिच्याच आत बसलेलं कॅस्पेज उठतं, भांडी आवरतं, दिवे मालवतं, तिला निरोप देतं. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. बीसीएल-२ म्हणजे दारात आडवी उभी राहिलेली यजमानीण, बसा हो, इतक्यात कुठं निघालात. आणि कॅन्सर म्हणजे?"

"निघायचं नावच न घेणारा पाहुणा."

"आणि वर आपली पोरंबाळं बोलावणारा!"

हे ते मला सांगायचे. मला. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन तोंडं आहेत, दोघांनी एकाच वेळी एकच स्लाइड बघायची सोय. रोज दहा वाजता दारातून हाक यायची, "देया, ये, हा बघ कसा शहाण्यासारखा मरतोय." मी हात पुसून जायची, दुसऱ्या तोंडाला डोळे लावायची. मी डॉक्टर नाही. शाळेनंतर दोन वर्षांचा कोर्स, बस. पण एकोणीस वर्षं ती दुसरी जागा माझी होती.

ऑगस्टात ब्राझीलहून डॉक्टर सोराइदा एरासो आल्या.

*

आम्ही रंगाला आकडे देतो. शून्य म्हणजे रंग नाही. एक म्हणजे फिका, डोळे ताणले तर दिसेल असा. दोन म्हणजे स्पष्ट. तीन म्हणजे इतका गडद की खालची पेशी दिसत नाही.

पहिल्या दिवशी ती लाल बूट घालून आली. सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी दोन्ही हातांनी, आणि नावाआधी आदराचं 'दोन्या' लावून. "दोन्या देया, तुमचे काप मी कम्पिनासला बघितलेत. तिकडे ब्राझीलला आम्ही म्हणायचो, पास्तोत कोणीतरी जादूगारीण बसलीय."

मत्सर: शून्य. मी तर घरी जाऊन बहिणीला सांगितलं, पोरगी चांगली आहे.

दुसऱ्या आठवड्यात दहा वाजता हाक आली. "सोराइदा, ये, हा बघ कसा मरतोय."

मी हात पुसून उठले होते.

एक.

*

प्रति, डॉ. रोसेरो.
कळविण्यात येते की नवीन कार्यपद्धतीमध्ये अंड्याच्या पांढऱ्याची पायरी वगळण्यात आल्यामुळे

अंड्याचं सांगायलाच हवं.

आमच्या रंगाची साखळी बायोटिनवर टांगलेली असते. बायोटिन म्हणजे एक जीवनसत्त्व. आधी औषध जाऊन कॅस्पेजला धरतं, औषधाच्या शेपटीला बायोटिन, बायोटिनला रंग. जिथं तपकिरी तिथं कॅस्पेज, म्हणजे पेशीचं मरण, असा हिशोब. पण पोटात आम्ल करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात बायोटिन आधीपासूनच ठासून भरलेलं असतं. रंगाला काय, बायोटिन दिसलं की तो चिकटला. कॅस्पेज असो वा नसो. या खोट्या रंगानं भल्याभल्यांना फसवलंय.

त्यावर विकतचा उपाय आहे, पण तो राजधानीहून, बोगोटाहून यायला चार महिने लागतात आणि येताना वाटेत उन्हात बसून मरतो. म्हणून मी बाजारातून अंडी आणते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यात फेटायचा आणि काप त्यात पंधरा मिनिटं ठेवायचे. त्या पांढऱ्यात असं काही असतं की ते बायोटिनला मिठी मारतं आणि सोडत नाही. मग साय काढलेल्या पातळ दुधात पंधरा मिनिटं. मग बाकीचं. हे मी एका जुन्या टंकलिखित कागदावरून शिकले होते आणि एकोणीस वर्षं आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये औषधांशेजारी अंड्यांचा ट्रे असायचा.

जानेवारीत, कार्निव्हल संपल्यावरच्या सोमवारी, सोराइदा डॉक्टरांनी फ्रिज उघडला. माझ्या केसांच्या मुळांशी अजून कार्निव्हलात उडवलेली पांढरी पावडर होती.

"दोन्या देया! नाश्ता इथंच करता की काय?"

"हा नाश्ता पोटांसाठी आहे, डॉक्टर. माझ्या नव्हे."

ती हसली. तिचं हसणं मोठं आहे, जिन्यात ऐकू जातं. मी समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, खरंच ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "पण तिकडे आम्ही हे कधीच करत नव्हतो, आणि एकदाही अडलं नाही. अंड्यात जंतू असतात, दुधात जंतू असतात. परीक्षक पद्धत वाचतील, 'बाजारातली अंडी', काय म्हणतील?"

तिकडे अडलं नाही, कारण तिकडची रंगाची पेटी वेगळी. तिच्यात बायोटिनच नसतं. आमची पेटी जुनी, स्वस्त, बायोटिनची. हे तिच्या लक्षात आलं नाही. आणि का यावं? पाच वर्षं ज्यानं विजेची शेगडी वापरली त्या माणसाला गॅसचा वास ओळखायची सवय राहत नाही.

माझ्या लक्षात आलं. लगेच. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात डॉक्टर रोसेरो दारात आले. "काय चाललंय?"

"दोन्या देयाच्या कोंबड्यांना सुट्टी देतेय," ती म्हणाली.

आणि ते हसले. "दे, दे! एकोणीस वर्षं अंडी घालून दमल्या असतील!"

थट्टाच होती. त्यांनी नवी पद्धत न वाचता सही केली, डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसत नाही. मी तोंड मिटलं.

दोन.

*

सोळा फेब्रुवारी. पहिला ट्रे पाण्यातून काढला आणि सूक्ष्मदर्शकाची गरजच पडली नाही. काच उजेडाला धरली तरी ग्रंथींच्या जागी तपकिरी पट्टे. माझ्या हाताखालून इतकी सुंदर तपकिरी स्लाइड कधी गेली नव्हती, आणि तेच तिचं खोटेपण.

प्रत्येक ट्रेमध्ये आम्ही एक स्लाइड अशी ठेवतो की तिच्यावर मुख्य औषध घालायचं नाही. ती कोरी राहिली तर बाकीचा रंग खरा. सोराइदा डॉक्टर त्यासाठी टॉन्सिलचा तुकडा घ्यायच्या, कम्पिनासला घेत तसा. टॉन्सिलमध्ये ते बायोटिन नसल्यासारखंच. रोज ती स्लाइड कोरी, रोज सगळे निर्धास्त.

सतराला, सगळे जेवायला गेले असताना, मी पोटाचाच एक काप घेतला, औषध घातलं नाही, बाकी सगळं केलं. औषध नाही म्हणजे रंग यायला नको.

आला. तीन.

मी स्लाइड वाळवली, टोकाला पेन्सिलीनं 'औषध नाही' असं, आणि सवयीनं बाकीचंही, लिहिलं, आणि माझ्या खणात हातमोज्यांच्या खोक्याखाली ठेवली.

आता तिला सांगायचं, एवढंच बाकी होतं. वीस पावलं. मी दारापर्यंत गेले. आत दोघं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ, आणि डॉक्टर रोसेरो विचारत होते, "आणि कॅन्सर म्हणजे?"

"निघायचं नावच न घेणारा पाहुणा!" ती म्हणाली.

माझं वाक्य.

मी परत आले. मनाशी म्हटलं, पडू दे हिला. कालीला, भर सभागृहात, कोणीतरी म्हातारा उठून विचारू दे की बाई, बायोटिनचं काय केलंत. मग हिच्या लाल बुटांकडे बघू.

त्या सभागृहात तिच्या नावाशेजारी त्यांचंही नाव असेल, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी बघत नव्हते.

*

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तिनं आलेख काढला आणि सगळ्यांसाठी पनीरचे पाव आणि गरम फळांचा काढा आणला.

चार खांब. जवळजवळ निरोगी पोट: सगळ्यात उंच. झिजलेलं पोट: त्याच्या निम्मं. आतड्यासारखं होऊ लागलेलं पोट: बोटभर. कॅन्सर: जमिनीला टेकलेला.

"बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, "मरण एकेक पायरी खाली उतरत जातं आणि शेवटी कोणी मरायलाच तयार नाही. डॉक्टर, तीस वर्षांपूर्वी तुम्ही जे म्हणालात तेच. शब्दाला शब्द."

डॉक्टर रोसेरोंनी चष्मा काढला. मी त्यांना रडताना एकदाच पाहिलं होतं, बायको गेली तेव्हा.

मी कोपऱ्यात पाव खात होते. पाव छान होता, तेही मला सहन होत नव्हतं. आलेख खोटा होता आणि का खोटा आहे ते मी एका वाक्यात सांगू शकले असते. पोट झिजत जातं तशा आम्ल करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यांच्यासोबत त्यांचं बायोटिन, त्याच्यासोबत खोटा रंग. त्या चार खांबांत कॅस्पेज कुठंच नव्हतं. मोजल्या गेल्या होत्या त्या फक्त आम्लाच्या पेशी.

"दोन्या देया, तुम्ही काहीच बोलत नाही!"

"तोंडात पाव आहे, डॉक्टर."

*

प्रति, डॉ. रोसेरो.
एकूण ११२ ब्लॉकपैकी ३१ ब्लॉकमधील ऊतक

हे वाक्य मला सगळ्यात जड जातं.

दुर्बिणीतून काढलेला तुकडा केवढा, ते वर सांगितलं. त्यातून काप निघतात मोजके. दर वेळी ब्लॉक पात्याला लावला की आधी पृष्ठभाग सपाट करावा लागतो, त्यातच दहा-बारा काप वाया जातात. सोराइदा डॉक्टर म्हणायच्या, पुन्हा काढा, खात्री करू, दुसऱ्या प्रथिनासाठी काढा, आकडा जुळत नाही, परत काढा. आणि मी काढत होते. खोटं ठरणार हे माहीत असलेल्या स्लाइडसाठी खरं पोट कापत होते. एकही काप फाटला नाही.

मार्चच्या मध्यावर ब्लॉक संपायला लागले. पात्याखालून पट्टी निघते, पाण्यावर तरंगते, आणि तिच्यात काही नसतं. नुसतं मेण. एक, चार, नऊ. काल मोजून लॅबच्या वहीत चढवले तेव्हा एकतीस.

तरी मी बोलले नाही. उशीर झाल्यावर गप्प राहणं जास्त सोपं असतं. रोजचा एक दिवस आदल्या दिवसाची लाज झाकायला कामी येतो.

मग आज सकाळी दॉन एलिएसेर, म्हणजे एलिएसेरराव, आले.

दॉन एलिएसेर तारापुएस, ग्वाइतारियाचे, बटाट्याची शेती. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाचा दोन-तृतीयांश भाग काढला, आणि ते जगले. दर मार्चला शहरात तपासणीला येतात, आणि परतीच्या बसआधी माझ्याकडे. टोपी हातात. एकच प्रश्न.

"माझा तुकडा आहे ना अजून?"

"आहे की."

"दाखवता?"

दर वर्षी दाखवते. ब्लॉक एकसष्ट. मेणात पिवळसर ठिपका. ते त्याच्याकडे असे बघतात जसं कोणी लष्करातून पळून आलेल्या भावाकडे बघावं. एकदा त्याला म्हणाले होते, "काय रे हरामखोरा, मी अजून आहे."

एकसष्ट त्या एकतीसांत होता.

मी कपाट उघडलं. वाटलं होतं सापडत नाही म्हणेन. पण हात सवयीनं नेमका तिथंच गेला. ब्लॉक त्यांच्या तळहातावर ठेवला. नुसतं मेण, आरपार पांढरं.

त्यांनी खिडकीशी धरला, वळवला. "बारीक झालाय का हो?"

"हो," मी म्हटलं. "अभ्यासाला लागला थोडा."

"मग बरंय! फुकट खात होता चौदा वर्षं." हसले. "कळलं का काही त्याच्याकडून?"

मी कपाटातले ब्लॉक सरळ करत राहिले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, मोठ्यानं, जसं परदेशी माणसाला विचारतात. "त्याच्याकडून. काही. कळलं का?"

"उद्या कळेल, दॉन एलिएसेर."

ते गेल्यावर मी खण उघडला. ती स्लाइड काढली, सोराइदा डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि घरी निघून आले. नोंद लिहायला बसले, ती ही अशी. तीन कागद चुरगाळले.

*

सत्तावीस मार्च. नोंद अपुरीच घेऊन गेले.

मला वाटलं होतं ती माझ्याकडे येईल. चिडलेली, रडलेली, कशीही. मी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं: काल सहज करून बघितली, आणि असा रंग आला. काल. सहज.

ती आलीच नाही. नऊ वाजता ती सरळ डॉक्टर रोसेरोंच्या खोलीत गेली आणि दार उघडंच ठेवलं.

"डॉक्टर, आलेख खोटा आहे," ती म्हणाली. उभ्यानं. "बायोटिनची पायरी मी काढून टाकली. दोन्या देयानं मला सांगितलं होतं, तेही व्यवस्थित, आणि मी त्यावर विनोद केला. आपली पेटी कुठली आहे हेही मी तपासलं नाही. टॉन्सिलवर विसंबले. सहा आठवड्यांचं काम गेलं, आणि एकतीस लोकांचे तुकडे गेले, ते परत यायचे नाहीत. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाचीही नाही."

मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. समोर घड्याळ. साडेतीन मिनिटं बोलली. मध्ये एकदाही रडली नाही.

मग डॉक्टर रोसेरोंचा आवाज. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडतात, मी ऐकलंय. "तीस वर्षांत," ते म्हणाले, "या खोलीत येऊन उभ्यानं आपली चूक सांगणारं कोणी आलं नव्हतं, पोरी. मीही कधी सांगितली नाही. बस. बस इथं."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

तीन.

इतका तीन की खालचं काही दिसेना. अडतीस दिवस मी तिच्या पडण्याची वाट बघत होते, आणि ती पडली तीही वर. माझ्या पोटात जळत असलेली गोष्ट तिनं नऊ वाजता उचलली, सरळ आत नेली, आपली म्हणून ठेवली, आणि त्याबद्दल तिला पोरी म्हटलं गेलं. मला एकोणीस वर्षांत कोणी पोरी म्हटलं नाही. आता ती माझी लाजसुद्धा वापरणार होती.

मी आत गेले.

"दुसऱ्या कोणाची नाही, हे खोटं आहे."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत होतं. पहिल्या ट्रेपासून. दुसऱ्या दिवशी मी स्लाइड करून खात्री केली आणि लपवून ठेवली. ते एकतीस मी कापले, माहीत असून कापले. पायरी हिनं काढली, ती हिची चूक. पण पहिल्याच आठवड्यात मी बोलले असते तर एकही ब्लॉक संपला नसता. एकतीस माझे आहेत. ते मी हिला देणार नाही."

सोराइदा डॉक्टर खाली बघत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"स्लाइडच्या टोकाला तारीख आहे की. सतरा फेब्रुवारी. तुमच्या अक्षरात."

सवय. पेन्सिल. सव्वीस वर्षं मी स्लाइडवर तारीख टाकते, आणि पेन्सिल कशानंही जात नाही, म्हणून तर पेन्सिल वापरतात.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करू? तुमची नोकरी घालवू?" आणि आता तिचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "काल मी ती स्लाइड बघितली आणि तासभर तिथंच बसून राहिले. मी काय केलं होतं तुमचं? मी तुमच्यासाठी पाव आणत होते, दोन्या देया! तुम्ही तो खात होतात आणि मला खड्ड्याकडे चालताना बघत होतात!"

"हो."

"का?"

डॉक्टर रोसेरो समोर बसले होते. त्यांच्यासमोर हे बोलायचं म्हणजे अंगावरचे कपडे काढण्यासारखं. "दहा वाजता ते तुम्हाला हाक मारतात म्हणून," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, मी खिडकीकडे बघत होते. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मी तुला माफ करत नाही, देया," शेवटी ते म्हणाले. "निदान आज नाही. एकतीस. नावं येतात?"

"येतात."

"म्हण."

मी म्हटली. सापुयेसच्या दोन्या एर्मिनिया इनागानपासून सुरुवात केली. गाव, वय, वर्ष. कोण गेलं, कोण आहे. दॉन एलिएसेरपाशी थांबले, मग पुढे गेले. एकतीसच्या एकतीस, न अडखळता. सोराइदा डॉक्टर ऐकत होत्या, त्यांना यातलं एकही नाव येत नव्हतं, आणि मला त्याचा आनंद झाला. अशा वेळीसुद्धा झाला. मी लपवत नाही.

"बरं," डॉक्टर रोसेरो म्हणाले. "उरले एक्याऐंशी. ते अंडं, दूध सगळं करून पुन्हा रंगवायचे, आणि येईल ते येईल. कदाचित माझं म्हणणं चूक निघेल. तोपर्यंत कालीला पाठवायला आपल्याकडे एकच खरी गोष्ट आहे: हा खोटा रंग. या खंडात आपल्यासारख्या जुन्या पेट्या वापरणाऱ्या चाळीस लॅब तरी असतील, आणि प्रत्येकीत ब्राझीलहून आलेली एक सोराइदा असेल."

"आणि एक देया," ती म्हणाली. ते लागावं म्हणूनच म्हणाली.

"तेही सांगावं लागेल," ते म्हणाले. "तुकडे कसे संपले हे विचारणारच. ते कोण सांगणार?"

"मी," आम्ही दोघी म्हणालो.

"तिची चूक ती सांगेल. तुझी तू. पाच वाजेपर्यंत मला कागद द्या." ते उठले आणि आम्हाला त्यांच्याच खोलीत सोडून बाहेर गेले.

सोराइदा डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला. माझ्याकडे न बघता मधोमध रेघ मारली. "कालीला बोलायला एकूण पंधरा मिनिटं मिळतात," त्या म्हणाल्या. "त्यातली दोन तुमची."

"दोन?"

"तुम्हाला फक्त एवढंच सांगायचंय ना, की माहीत होतं आणि बोलले नाही. दोन पुष्कळ झाली."

"तुम्ही आत्ता साडेतीन घेतलीत. मी घड्याळ बघत होते."

आता तिनं मान वर केली. डोळे लाल होते. "तुम्ही माझ्या कबुलीची वेळ लावलीत?"

"चार हवीत मला."

"तीन."

"तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे, डॉक्टर. चार."